कमांडरची बाजू

पाठक सरांच्या घरी टीव्ही होता, पण तो बातम्यांपुरता. संध्याकाळी सातला लावायचा, साडेसातला बंद करायचा. निवृत्तीला अकरा वर्षं झाली होती, बायको इंदूला जाऊन नऊ. संगमनेरात, नाशिक-पुणे रस्त्यापासून आत, शिक्षकांच्या जुन्या सोसायटीतल्या चार खोल्यांत ते एकटेच राहत. स्वयंपाकाला लंकाबाई यायच्या. एके दिवशी त्यांनी गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत त्या बाहेरच्या खोलीत आल्या.

"सर, तेवढं दुसरं चॅनल लावता का? आकाशातली मालिका लागंल आता. आमच्या घरचा टीव्ही बंद पडलाय."

"आकाशातली म्हणजे?"

"समदी मानसं आकाशात राहत्यात. बाप हाय, लेक हाय. दोघांचं जमत न्हाई. लई बेक्कार बाप हाय."

सरांनी चॅनल बदललं ते भिडेखातर. पडद्यावर शनीची कडी दिसली, त्यांच्यापुढून एक अंतराळस्थानक संथपणे सरकत गेलं आणि खाली नावं यायला लागली. कथा, पटकथा, संवाद : भार्गवी इंदू.

सर रिमोट हातात धरून उभेच राहिले. भार्गवी त्यांची मुलगी. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. आईचं नाव तेवढं पुढे लावलेलं.

ती मालिकांसाठी लिहिते हे त्यांना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती मुंबईला गेली तेव्हा तिनंच फोन करून सांगितलं होतं. "इंजिनिअर होऊन सासू-सुनांची भांडणं लिहिणार? तुझी आई असती तर तिला लाज वाटली असती," असं सर म्हणाले होते. त्यानंतर दिवाळीचा फोनसुद्धा बंद झाला. सरांना वाटायचं, आपण आपणहून करावा. पण शब्द मागे कसा घ्यायचा हे चौतीस वर्षं विज्ञान शिकवून त्यांना उमगलेलं नव्हतं.

आता रोज साडेसातला लंकाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसत आणि सर खुर्चीत. मालिकेचं नाव 'ध्रुवापार'. शनीजवळच्या त्या स्थानकाचा प्रमुख होता कमांडर भास्वत. शिस्तीचा, कोरडा, सगळ्यांच्या नोंदी तपासणारा. अवनी ही त्याची मुलगी, तिथलीच वैमानिक. तिनं एखादी मोहीम फत्ते करून यावं आणि बापानं आधी अहवालातली चूक दाखवावी, असं चालायचं. एका भागात कमांडर म्हणाला, "अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे दोन टक्के कमी."

हे वाक्य सरांचं होतं. भार्गवी सातवीत असताना याच खोलीत, याच खुर्चीत बसून ते म्हणालेले.

सुरुवातीला त्यांनी एक वही केली. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येतो, चूक. पृथ्वीशी बोलताना उत्तर लगेच मिळतं, चूक. प्रकाशालाच तासाहून जास्त लागतो. प्रत्येक भागाला तारीख घालून ते लिहीत. पण आठ-दहा दिवसांत वहीत भलतंच उतरायला लागलं. 'अवनी जेवताना बापाकडे पाठ करून बसते. आपल्याकडेही.' मग त्यांनी वही मिटून कपाटात टाकली आणि नुसतं बघायला लागले.

बघताना ते मनातल्या मनात कमांडरची बाजू घेत. एकदा तर उघडच घेतली. "त्याच्यावर तीनशे माणसांची जबाबदारी आहे, लंकाबाई. तो मायेनं बोलत बसला तर स्थानक चालेल का?"

"तीनशे मानसं ऱ्हाऊ द्या की, सर," लंकाबाई म्हणाल्या, "लेक एकच हाय ना त्याला?"



मग तो भाग आला. अवनी तीन आठवड्यांच्या मोहिमेवर दूरच्या उपग्रहाकडे निघालेली असते आणि पृथ्वीवरून निरोप येतो की तिची आई शेवटच्या घटका मोजते आहे. कमांडर निरोप वाचतो. खिडकीपाशी बराच वेळ उभा राहतो. नंतर हाताखालच्या माणसाला सांगतो, "हा निरोप पुढे पाठवू नका. तिची मोहीम पुरी होऊ दे."

लंकाबाई तटकन उठल्या. "मेला, मुडदा बशिवला ह्याचा! आईचं तोंड बघू देत न्हाई पोरीला? ह्यो बाप हाय का राकुस?"

सर पडद्याकडे बघत होते, पण दिसत होतं ते वेगळंच. नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना. भार्गवीची पुण्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा चाललेली. शनिवारी इंदूला ताप भरला, रविवारी तिला दवाखान्यात हलवावं लागलं, आणि सोमवारी दुपारी डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलाय, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. भार्गवीचा शेवटचा पेपर मंगळवारी सकाळी दहाला होता. सरांनी फोन केला नाही. मंगळवारी पहाटे इंदू गेली. पेपर सुटल्यावर, दीड वाजता, त्यांनी फोन केला.

भार्गवी पोहोचली तेव्हा सगळे प्रवरेच्या काठावर जमले होते. तिला आईचा चेहरा दिसला तो मिनिटभर. घरी आल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, "मला का नाही कळवलं?" आणि सर म्हणाले, "तिनंच नको म्हटलं. तिचा पेपर होऊ दे, म्हणाली."

 त्यावर भार्गवी खाली बसून खूप रडली होती, एवढंच.

त्या भागानंतर महिनाभर सोसायटीत, दुधाच्या केंद्रावर, वाचनालयात कमांडरचा उद्धार चालला होता. सर ऐकून घेत. वाचनालयातले बन्सी कारकून एकदा म्हणाले, "लिहिणारी पोरगी तुमचीच ना, सर? कुठून सुचतं हो हे तिला?" सरांनी वर्तमानपत्र उलटून दुसरं पान काढलं.

त्यांना राग आला नव्हता. उलट कुठेतरी बरंच वाटत होतं. आपल्याविषयी ती विचार करते, रोज करते, महिनोन्महिने बसून लिहिते. समोर असती तर इतकी बोलली नसती. साडेसातचा तो अर्धा तास म्हणजे मुलगी घरी आल्यासारखा झाला होता. आठ वाजले की लंकाबाई चपला घालून जात आणि घर पुन्हा पहिल्यासारखं होई. एका माणसाचं ताट धुवायला किती वेळ लागणार?

आषाढ सरता सरता मालिकेनं वळण घेतलं. अवनी परत आली, सगळं कळलं आणि तिनं बापाशी बोलणं टाकलं. आणि मग आईनं जाण्याआधी नोंदवून ठेवलेली एक चित्रफीत तिच्या हाती लागली. पडद्यावर ती आई थकलेल्या आवाजात म्हणाली, "अवनी, बाबांवर रागावू नकोस. मीच त्यांना म्हटलं होतं, तुला कळवू नका. तुझी मोहीम अर्धी राहिलेली मला चालली नसती."

अवनी नियंत्रणकक्षात गेली. कमांडर एकटाच बसला होता. तिनं मागून जाऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "बाबा, एवढे दिवस एकट्यानं का सोसलंत? सांगायचं होतं ना मला."

लंकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बघा सर, उगीच शिव्या घातल्या आमी. बिचाऱ्याचा काय बी दोष नव्हता. बायकोचा शब्द राखला त्यानं."

सरांच्या हातातला घास हातातच राहिला. ताट तसंच सारून ते उठले आणि पाठीमागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

कारण इंदूनं नको म्हटलंच नव्हतं. ती भार्गवीला बोलवा म्हणत होती. रविवारी म्हणाली, सोमवारी म्हणाली, श्वास पुरत नव्हता तेव्हाही म्हणाली, "अहो, भार्गवीला बोलावून घ्या." नको म्हणाले होते ते सर. आणि मुलीनं समोर उभं राहून विचारल्यावर त्यांनी आपला निर्णय मेलेल्या बायकोच्या तोंडी घातला होता.

नऊ वर्षं ती त्याच वाक्याला धरून होती. त्या वाक्याच्या आधारानंच तिनं बापाला क्षमा केली होती, आणि तीही घरोघरी दिसेल अशी. सरांना जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त ते त्यांचं नव्हतं.

गप्प राहणं सोपं होतं. कदाचित येत्या दिवाळीला तिचा फोनही आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत सर हाच विचार करत घरात येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि फोन लावला.

"बोला," पलीकडून भार्गवी म्हणाली. तीन वर्षांनी ऐकलेला आवाज. थोडा जाड झाला होता.

"मी मालिका बघतो. पहिल्यापासून नाही, पण बघतो. कालचा भाग बघितला."

 ती हसल्यासारखं करून म्हणाली, "बऱ्याच चुका सापडल्या असतील."

"एक सापडली," सर म्हणाले.  "आई नको म्हणाली नव्हती. तुझ्या आईबद्दल बोलतोय मी. ती तुला बोलवा म्हणत होती. मी कळवलं नाही. आणि तुला खोटं सांगितलं."

पलीकडे कुठेतरी गाड्यांचा आवाज येत होता. 

"किती वेळा म्हणाली?" भार्गवीनं विचारलं.

"मोजलं नाही. बऱ्याच वेळा."

फोन बंद झाला.

त्या दिवसापासून सरांना मालिका बघवेना. त्यांनी लंकाबाईंना टीव्ही लावून द्यावा आणि स्वतः आतल्या खोलीत बसावं. भिंतीतून बाप-लेकीचं हसणं-बोलणं ऐकू येई. "सर, या की, आता ग्वाड चाललंय त्यांचं," लंकाबाई बोलवायच्या. सर म्हणत, "डोळे दुखतात."

तिसऱ्या रविवारी दुपारी फोन वाजला. कसे आहात नाही, काही नाही. भार्गवीनं सरळ विचारलं, "शेवटचं काय खाल्लं तिनं?"

सर गोंधळले, मग आठवून म्हणाले, "सोमवारी सकाळी दोन चमचे पेज. मीठ कमी आहे म्हणाली."

"बरं." फोन ठेवला.

पुढच्या रविवारी पुन्हा. "तिच्याजवळ कोण कोण होतं?" त्याच्या पुढच्या रविवारी, "तिनं पांघरलं काय होतं?" दर खेपेला एकच प्रश्न. उत्तर मिळालं की ती ठेवून देई. काही गोष्टी सरांना खरंच आठवत नव्हत्या. पूर्वीचे सर असते तर काहीतरी ठामपणे सांगून मोकळे झाले असते. आता ते म्हणत, "आठवत नाही गं." रविवारी ते अकरालाच जेवून घेत, बाहेर पडत नसत, फोन मांडीवर घेऊन बसत. बाकीचे सहा दिवस त्या तीन दिवसांतलं काय काय आठवतंय ते पुन्हा पुन्हा उकरून काढत.

भाद्रपदातल्या एका रविवारी ती म्हणाली, "ती बोलवा म्हणत होती, तेव्हा तुम्ही तिला काय सांगायचात?"

हा प्रश्न कधी ना कधी येणार हे त्यांना ठाऊक होतं.

"निघाली आहे, म्हणालो. सोमवारी संध्याकाळी. बस नारायणगावपर्यंत, अर्ध्या वाटेवर आली, म्हणालो."

या खेपेला तिनं फोन लगेच ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग तोही ऐकू येईना.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. सरांनी दोन्ही दिवस चार वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग फोन उशाशी ठेवून नुसतेच पडून राहिले. मालिका तोवर संपली होती. लंकाबाईंच्या घरचा टीव्ही दुरुस्त झाला होता, त्यामुळे त्या आता सातलाच भाकरी झाकून ठेवून जात. घरात साडेसातला आवाज म्हणून नसे. सर दिवा लावून बसत.

तिसऱ्या रविवारी, दोनच्या सुमाराला, फोन आला.

"मी येतेय असं तिला वाटत होतं," भार्गवी म्हणाली. बहुतेक हे वाक्य तिनं आधी पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं असावं. "मग ती काय करत होती?"

सरांनी डोळे मिटले. हे त्यांना लख्ख आठवत होतं. नऊ वर्षांत एकदाही पुसट झालं नव्हतं.

"तिनं नर्सकडून केस विंचरून घेतले. पोरगी येतेय, अशी दिसायला नको, म्हणाली. वेणी घातली नर्सनं. मग उशी उंच करायला लावली. दार दिसेल अशी."

पलीकडे भार्गवी रडत होती. आवाज न करता, पण सरांना कळलं. लहानपणीही ती अशीच रडायची. त्यांना वाटलं, आता काहीतरी म्हणावं. माझं चुकलं म्हणावं, इकडे ये म्हणावं. पण तिनं तेवढं विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगण्याचा आपल्याला आता हक्क नाही असं त्यांना वाटलं. ते नुसते फोन कानाला धरून बसले.

"ठेवते," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"बरं," सर म्हणाले.

ती पुढच्या रविवारी करेन म्हणाली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. थोडा वेळ ते तसेच बसून राहिले. मग उठून त्यांनी अंगणातले वाळलेले कपडे आत आणले, त्यांच्या घड्या घातल्या. ते काम पाच मिनिटांत संपलं. सोमवार उजाडायला अजून पुष्कळ अवकाश होता.