मुका कीपॅड

"शूऽऽ! कुणी बोलू नका," कानसेन म्हणाला आणि त्याने दारामागच्या, घराच्या अलार्मच्या कीपॅडला कान लावला.

दोघी म्हाताऱ्या श्वास रोखून उभ्या राहिल्या. त्याने एक बटण दाबलं. मग दुसरं. कीपॅडचा पडदा काळा तो काळाच. डॉक्टर नाडी सोडतात तशी त्याने मान हलवली.

"गेला का हो?" एकीने विचारलं.

"अजून नाही सांगता येत, मावशी. धीर धरा."

घरात या दोघीच, नणंद आणि भावजय. भांडायला तिसरं माणूस लागू नये इतक्या स्वयंपूर्ण. भावजय नणंदेला वन्सं म्हणे, नणंद तिला वहिनी. आपणही तेच म्हणू. वन्संना चोरांची भारी धास्ती. घराचा अलार्म लावल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत. आणि वहिनी तर आज वन्संना घेऊन माहेरी भाचीकडे जायचं म्हणून सकाळपासून चपला घालून बसलेल्या.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते अलार्म दुरुस्तीच्या कामावरच्यांनी ठेवलेलं. इतरांना मीटर लागे, त्याला कान पुरे. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकून तो म्हणे, "हा आठवडाभराचा पाहुणा," आणि पाहुणा जायचाच. पण गेल्या महिन्यात त्याची दोन कामं उलटून आली. दोन्ही घरी त्याने धडधाकट बझर मेला म्हणून काढून टाकला होता. काल साहेबांनी नजर चुकवत सांगितलं, "दादा, आता एक जरी तक्रार परत आली ना, तर गोदामात बसावं लागेल."

गोदामात! तिथे ऐकायला असतं काय? उंदीर.

म्हणून आज तो रीतसर निघाला होता, पायरी पायरीने.

*पायरी पहिली. वीज येते का?*

येते. मीटरचा काटा उत्साहाने उठला.

दुसरी पायरी आपण जरा बाजूला ठेवू. त्यानेही ठेवली होती. कीपॅडला कान लावला तेव्हाच ती उरकली, अशी त्याची समजूत.

*पायरी तिसरी. तारा.*

"वहिनी, त्याला स्टूल दे," वन्संनी फर्मावलं.

"तुमच्या पायाखाली आहे ते, वन्सं."

"काय?"

"पायाखाली! यंत्र घाला की कानात!"

वन्संचं कानाचं यंत्र डबीत होतं. सकाळी दोघींचं वाजलं होतं, आणि वाजलं की वन्सं यंत्र काढून ठेवत. वहिनींना मग एकटीलाच भांडावं लागे. त्यात काही राम नसतो.

तारा ठीक होत्या. लाल, काळी, पिवळी, हिरवी, चारही घट्ट.

*पायरी चौथी. बॅटरी.*

ठणठणीत.

*पायरी पाचवी* नव्हतीच. पाचव्या पायरीवर माणूस कपाळाला हात लावतो. कानसेनने लावला.

"मावशी, पॅनेलचा बोर्ड गेलाय. नवा मागवायला लागेल. चार-पाच दिवस तरी."

"झालं!" वहिनींनी एक चप्पल काढली. "भाची तिकडे वाट बघून बघून म्हातारी होणार."

"काय म्हणतोय तो?" वन्संनी विचारलं.

"बोर्ड गेलाय म्हणतोय! बोर्ड!"

इतकी मोठी बातमी अर्धवट ऐकणं वन्संना परवडणारं नव्हतं. त्यांनी डबी उघडली, यंत्र कानात सरकवलं आणि म्हणाल्या, "आता सांग, भाऊ. नीट."

"हे बघा." कानसेनने बटण दाबलं. "दाबलं. आहे काही?"

"आहे की."

"काय आहे?"

"पीप."

त्याने पुन्हा दाबलं.

"पीप," वन्सं म्हणाल्या. पुन्हा दाबलं. "हे बघ, पीप. बारीक आहे, पण आहे. वहिनी, तुला येतं ना ऐकू?"

"केव्हाचं!"

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, ते एवढे डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, पीपच्या आत आणखी काही ऐकू येत असेल. आपण मध्ये कशाला तोंड घाला!"

*पायरी नाही. नुसतं उभं राहणं.*

सकाळी पाखरं येईनाशी झालीत, असं तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता. झाडं तोडली, दुसरं काय, म्हणत होता. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, ते निराळं. बायकोचं ऐकू न येणं हा काही आजार नव्हे. पण पाखरं. झाडं तर सगळी जागच्या जागी होती. आज येताना त्यातल्याच एकाखाली त्याने स्कूटर लावली होती.

"बस रे, भाऊ," वन्सं म्हणाल्या. आपल्या ओळखीच्या रस्त्यावर नव्याने आलेल्या माणसाकडे पाहावं, तशा त्या त्याच्याकडे पाहत होत्या. "सुरुवातीला बारीक आवाज जातात. माझंही तसंच झालं. वर्षभर मी या बिचारीला म्हणत होते, पुटपुटू नकोस, तोंड उघडून बोल."

"आणि मी घसा फाडून फाडून अशी झाले," वहिनी म्हणाल्या.

"तू आधीपासूनच अशी आहेस."

तो हसला. मग वन्संनी त्याचं बोट धरलं आणि कीपॅडच्या बारक्या भोकांवर टेकवलं. "यंत्र नसलं की मी असं ऐकते. दाब आता."

त्याने दाबलं. बोटाच्या टोकाला मुंगी चालून गेली.

*पायरी दुसरी. आवाज येतो का?*

येतो.

आवाज येतो म्हणजे कीपॅड जिवंत. जिवंत आहे आणि दिसत नाही, म्हणजे फक्त पडद्याचा उजेड गेलेला.

"हे रोज पुसतं कोण?"

"मीच," वहिनी अभिमानाने म्हणाल्या. "चांगलं दाबून दाबून."

"ते खालचं बाणाचं बटण दाबून धरलं, की उजेड कमी होत जातो, मावशी. पुसत पुसत विझवलात तुम्ही."

"तरी मी सांगत होते, हिला स्वच्छतेचा रोग आहे!" वन्संनी टाळी वाजवली.

त्याने वरचा बाण दाबून धरला. पडदा हळूहळू हिरवा उजळला. वहिनींनी काढलेली चप्पल पुन्हा घातली.

काम झालं होतं. 'उजेड वाढवून दिला' एवढं कळवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. त्याने साहेबांना फोन लावला.

"साहेब, झालं. पडद्याचा उजेड गेला होता. मी मात्र बोर्ड गेला म्हणून बसलो होतो. उद्या सुट्टी पाहिजे."

"काय?"

"सुट्टी!"

"अहो दादा, ओरडू नका. कशाला सुट्टी?"

"कान तपासायला."

पलीकडे साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. की हळू बोलले, कुणास ठाऊक. त्याने फोन वन्संच्या कानाशी धरला.

"घ्या म्हणतायत," वन्संनी सांगितलं. "आणि गोदामाचं नंतर बघू म्हणतायत. गोदामाचं काय आहे?"

"काही नाही. उंदीर."

निघताना वन्संनी कोड दाबला. तिघं बाहेर आली, दार ओढून घेतलं. आतला कीपॅड आता काही वेळ पीप पीप करत राहणार, मग गप्प होणार. गप्प झाला, की घर राखायला लागला.

कानसेनने दाराला कान लावला नाही. तो वहिनींकडे बघत उभा राहिला. त्याने काही न सांगता वहिनींनी एक बोट वर केलं आणि प्रत्येक पीपला हवेत ठेका धरला. आधी संथ. मग जलद, आणखी जलद. त्याचं बोटही हत्यारांच्या पिशवीवर त्याच लयीत पडू लागलं.

वहिनींचं बोट थांबलं.

"लागला," कानसेन म्हणाला.