घाट सुटला

सुनेत्राने पार्किंग ब्रेकचं बटण वर ओढलं तेव्हा गाडी थांबली आणि घाट चालू लागला.

लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही. सासूबाईंना वळणांनी मळमळायला लागलं होतं, म्हणून सुनेत्राने चढावर डाव्या हाताला जरा रुंद जागा बघून गाडी उभी केली होती. शेजारी एक बाई शेगडीवर कणसं भाजत बसली होती. बाकी रस्ता रिकामा, ऊन स्वच्छ, दुपारची वेळ. बटण ओढल्यावर मागच्या चाकांपाशी नेहमीसारखं घूं झालं, समोर लाल दिवा लागला आणि सुनेत्राने पाय पेडलवरून उचलला.

"मी दगड लावून येतो," शेजारच्या सीटवरून तिचा नवरा मुकुंद म्हणाला.

"अरे, लागलाय ब्रेक. दिवा बघ ना."

"दिवा लागलाय. ब्रेक लागलाय की नाही, ते मला कसं कळणार?"

हे त्यांचं गाडी घेतल्यापासून चालू होतं. जुन्या गाडीला दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा होता. मुकुंद तो कर्र-कर्र आवाज करत वर ओढायचा, किती दाते चढले ते हातालाच कळायचं आणि मग तो निश्चिंत खाली उतरायचा. पण सुनेत्राचं डावं मनगट मोडलं, त्यात धातूची पट्टी बसवली, आणि एकदा कोल्हापुरात माहेरच्या गल्लीतल्या उतारावर तिला तो दांडा पुरता ओढता आला नाही. गाडी मागे घरंगळली आणि भिंतीला जाऊन टेकली. त्या भिंतीपाशी रोज पोरं खेळतात. त्या दिवशी नव्हती. त्यानंतर कितीतरी महिने ती स्टिअरिंगला हात लावत नव्हती. नवी गाडी बटणाचीच घ्यायची हे तिने ठरवलं आणि मुकुंदने ते मान्य केलं. मान्य केलं, पण त्याचा डावा हात अजून मधल्या रिकाम्या जागेत दांडा शोधायचा, आणि चढावर गाडी थांबली की तो उतरून चाकामागे दगड लावायचा.

आताही तो उतरला. रस्त्याकडेचा एक चांगला ओबडधोबड दगड उचलून त्याने मागच्या चाकाला लावला, हात झटकले आणि सरळ उभा राहिला. उभा राहिला तो सुनेत्राच्या खिडकीबाहेरून हळूच पुढे गेला. पाय न उचलता.

"मुकुंद, कुठे चाललास?"

"कुठे नाही. इथेच आहे." मग त्याने गाडीकडे पाहिलं. "अगं, गाडी मागे चाललीय! ब्रेक लाव!"

 सुनेत्राने पेडलवर पाय मारला, बटण पुन्हा वर ओढलं. घूं झालं. गाडी हललेली नव्हती. बाटलीतलं पाणी स्थिर होतं, आरशाला लटकवलेला गजरा सरळ लोंबत होता. तिने दार उघडून खाली वाकून पाहिलं. चाक फिरत नव्हतं. ताटाखालून टेबलावरचं कापड ओढावं तसा डांबरी रस्ता चाकाखालून वरच्या बाजूला सरकत होता. मागच्या चाकाला लावलेला दगड रस्त्याबरोबर पुढे येऊन चाकाखाली सापडला, कडकडला आणि त्याचा भुगा झाला.

दार उघडताच चाकांपाशी पुन्हा घूं झालं आणि रस्त्याचा वेग वाढला. तिने घाबरून दार ओढून घेतलं. तिच्या खांद्यावरचा पट्टाही तेवढ्यात बोटभर आवळला गेला.

मुकुंद आता उतारावरून खाली चालत गाडीच्या डाव्या खिडकीशी येऊन पोचला होता. खिडकीशी राहायचं तर त्याला चालत राहावं लागत होतं. थांबला की तो पुढे, वर निघून जायचा. त्याच्यामागे कणीसवाली बाई शेगडीसकट संथपणे वर चालली होती. ती बसल्या जागी कणीस फिरवत होती.

"मावशी!" सुनेत्रा ओरडली. "काय होतंय हे?"

"घाट सुटलाय," बाई म्हणाली. "तुम्ही ब्रेक लावलाय न्हवं? मग बसा गप." आणि ती झाडीआड गेली. कणसाचा वास थोडा वेळ राहिला, मग तोही गेला.

मागच्या सीटवर अक्का, म्हणजे मुकुंदची आई, डोळे मिटून लिंबू हुंगत बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले. "थांबलो ना गं आपण?"

"थांबलोय, अक्का."

"मग मुकुंदा का चालतोय?"

सुनेत्राची नजर आरशावर गेली आणि तिला मागचं वळण दिसलं. मघाशी ते बरंच खाली होतं. आता ते वर येत होतं. वळणावर रस्ता उजवीकडे वळत होता आणि गाडी जिथे उभी होती त्या सरळ रेषेत वळणापाशी रस्ता नव्हता, दरी होती. रस्ता असाच चाकाखालून सरकत राहिला तर त्याच्या मागून दरी येणार होती, आणि गाडी आपली जागा न सोडता दरीवर उभी राहणार होती.

"ब्रेक सोड!" मुकुंद चालता चालता म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मागे चाललीय असं धरून गिअर टाक आणि वर घे!"

तिने ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला आणि बटण खाली दाबलं. लाल दिवा गेला नाही. पडद्यावर अक्षरं आली: एक प्रवासी बाहेर आहे.

"काय म्हणतेय?"

"तू आत नाहीस म्हणून सोडत नाही म्हणतेय."

"मग मी आत येतो." त्याने चालता चालता दाराची कडी ओढली. दार बोटभर उघडलं, घूं झालं, रस्ता एकदम जोरात निघाला आणि मुकुंदचा हात सुटला. तो उभ्याचा उभा लांब वर गेला आणि तिथून धावत खाली आला. धावताना त्याची चप्पल निघाली आणि वर निघून गेली. पुन्हा खिडकीशी पोचला तेव्हा त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

"नको," सुनेत्रा म्हणाली. "दाराला हात लावू नकोस. दार उघडलं की गाडी ब्रेक जास्तच आवळते."

"असं कसं? दांडा असता तर अर्धा सोडला असता."

"माहीत आहे मला, मुकुंद."

तिचा पट्टा आता श्वास घेताना टोचत होता. मागे अक्काही चुळबुळत होत्या. सुनेत्राने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीच अक्षरं. गाडी बंद करून चालू केली, तीच अक्षरं. घाईत बटण दोनदा चुकून वर ओढलं गेलं, आणि दोन्ही वेळा रस्त्याने वेग घेतला. मुकुंद आता धावत होता. त्याचं वय धावायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं होतं, तेव्हापासून ती त्याला जिन्यानेसुद्धा भरभर चढू देत नसे.

"थांब! तू थांब, वर जा, बसून राहा कुठेतरी!" ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

रस्त्याच्या कडेला पांढरा रंग दिलेले दगड एकामागून एक वर येत होते. त्यांच्या रांगेत एका ठिकाणी दगड नव्हता. तिथे जमिनीतून एक हँडब्रेकचा दांडा वर आलेला होता, कमरेइतका उंच, काळ्या मुठीचा, टोकाला अंगठ्याने दाबायचं बटण असलेला. मुकुंदने तो पाहिला तेव्हा त्याला जराही नवल वाटलं नाही. त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला, टाचा रोवल्या आणि मागे झुकून ओढला.

कर्र, कर्र, कर्र.

रस्ता मंदावला. अजून एक दाता चढला आणि घाट थांबला. झाडं थांबली. दरीची कड मागच्या चाकांपासून गाडीच्या लांबीइतक्या अंतरावर येऊन उभी राहिली. सगळीकडे इतकं शांत झालं की अक्कांच्या हातातल्या लिंबाचा वाससुद्धा जाणवायला लागला.

मुकुंद गाडीच्या अगदी जवळ होता. हात लांब केला असता तर त्याच्या सदऱ्याला लागला असता.

"लागला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात, इतक्या भीतीतही, समाधान होतं. "हाताला कळतंय बघ."

"आता ये आत. पटकन."

त्याने मुठीवरची पकड जराशी सैल केली. दांडा एक दाता खाली उतरला आणि घाट वीतभर सरकला. त्याने घाईने पुन्हा ओढला.

"राहत नाही गं," तो म्हणाला. "धरूनच ठेवायला लागतोय."

 मुकुंदच्या दंडांना कापरं भरलं होतं. घामाने मूठ निसटत होती, ती तो एकेक हात सदऱ्याला पुसून परत धरत होता.

"मी धरते," अक्का म्हणाल्या. "मला उतरव. त्याला आत घे."

"अक्का, तुमच्या हातून लिंबू कापलं जात नाही."

"माझं आता काय राह्यलंय? त्याला आत घे म्हणते ना."

"आई, गप्प बस!" बाहेरून मुकुंद ओरडला. "तू उतरायचं नाहीस. सुनेत्रा, तिला उतरू देऊ नकोस."

अक्कांनी दाराकडे नेलेला हात मागे घेतला. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि जरा वेळाने अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हिला कसं कळतं, तो आत नाही ते?"

"कोणाला?"

"गाडीला गं."

"सीटवर वजन लागतं. आणि पट्टा लावलेला लागतो."

"मग लाव की."

अक्कांनी आपली पिशवी पुढे सरकवली. त्यात मुकुंदच्या मावसभावाच्या वास्तुशांतीसाठी नेत असलेलं पितळेचं घंगाळ होतं, पानसुपारी होती, फराळाचे डबे होते, त्यांची नेसायची दोन लुगडी होती. सुनेत्राने पिशवी ओढून मुकुंदच्या सीटवर ठेवली. मोडक्या मनगटातून कळ आली. वजन पुरेना, म्हणून तिने पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, मागच्या सीटवरचं मुकुंदचं जाकीट त्यावर टाकलं, मग पट्टा ओढून त्या सगळ्यावरून घेतला आणि खटकन लावला.

पडद्यावरची अक्षरं गेली. दुसरी आली: सर्व प्रवासी आत आहेत.

"काय म्हणतेय?" मुकुंदने विचारलं. त्याचे हात आता निळसर दिसत होते.

"सगळे आत आहेत म्हणतेय."

"बरं झालं. मग सोड ब्रेक, आणि वर घे. सावकाश घे. तू पुढे गेलीस की मी दांडा सोडतो आणि धावत येऊन बसतो."

तिला ते बरोबर वाटलं. दुसरं काही सुचतही नव्हतं. तिने पेडल पुरतं दाबलं आणि बटणावर बोट ठेवलं. शेजारच्या सीटवरचं जाकीट जरा फुगल्यासारखं झालं होतं. पट्टा त्यावर छातीइतका ताणून बसला होता. तिने तिकडे बघायचं टाळलं.

"दाबू?"

"दाब."

तिने बटण खाली दाबलं. घूं असा आवाज उलटा आला, लाल दिवा विझला. तिचा पाय पेडलवर होता, त्यामुळे गाडी जागची हलली नाही. घाटही हलला नाही. झाडं, दगड, कड, सगळं जिथल्या तिथे होतं.

हलला तो मुकुंद.

दांडा त्याच्या हातातून तेलातून निघावा तसा सुटला. तो ताठ उभा होता, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, दोन्ही पाय एकमेकांना लागलेले, तोंड त्यांच्याकडे. आणि तसाच उभा तो उतारावरून मागच्या मागे सरकायला लागला. खिडकीसमोरून गेला. मागच्या दारासमोरून गेला. अक्कांनी काचेवर तळहात ठेवला, तो त्याला दिसला असावा, कारण त्याने मान वळवली.

"सुनेत्रा!" तो ओरडला. "गाडी चालली! वर चाललीय तुमची गाडी! ब्रेक लाव!"

"मुकुंद, तू हलतोयस! काहीतरी धर!"

"मी इथेच उभा आहे! ब्रेक लाव, सुनेत्रा!"

तिने बटण वर ओढलं. घूं झालं. दिवा लाल झाला. शेजारच्या सीटवरचा पट्टा आवळला आणि सीटवर कुणीतरी हळूच श्वास सोडला. तिने पुन्हा ओढलं. मागच्या काचेत मुकुंद लहान होत गेला. कडेपाशी पोचला तेव्हाही तो पाय रोवून, दोन्ही हात वर करून, गाडीत बसलेल्या त्या दोघींच्या काळजीने कळवळून ओरडत होता, "अजून चाललीय! अजून चाललीय गं!"