बिस्किटांच्या डब्यातलं टपाली मत

दवाखान्यातून फोन आला तेव्हा कुलूपवाला एका मास्तरांचं दार उघडून देत होता. त्याने फोन कानाला लावला, "बरं" म्हणाला, आणि हात सवयीने असे चालले की नुकत्याच उघडलेल्या दाराला पुन्हा कुलूप घालून तो घरी निघून गेला. मास्तर संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होते. कारण कळल्यावर बिचाऱ्यांनी चकार शब्द काढला नाही.

गेली होती ती कुलूपवाल्याची बायको. निवडणूक कचेरीत तिची तीस वर्षं गेली, आणि ती कचेरी रोज तिच्याबरोबर घरी यायची. पंखा कुठे लावायचा इथपासून सगळ्यावर मतदान. मतदार चार: कुलूपवाला, थोरली, धाकटी आणि बायकोचा भाऊ. हा रंगारी मेहुणा एकदा जेवायला आला आणि नऊ वर्षं राहिला. बायको स्वतः सभापती. सभापतीने मत द्यायचं नाही, पण बरोबरी झाली तर निर्णायक मत तिचं. चार मतदारांच्या घरात बरोबरी किती वेळा होते, याचा हिशेब तिने आधीच करून ठेवला असावा. निवडणुकीला उभं राहणाऱ्याने अनामत म्हणून रविवारच्या केकचा आपला तुकडा ठेवायचा. एकही मत पडलं नाही तर तुकडा जप्त.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या रंगाचं मतदान घेतलं. पिवळा की हिरवा. चार चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडल्या. मोजणीला आपण घरी नसू, म्हणून तिने आपलं निर्णायक मत लिफाफ्यात घालून टपाली मत म्हणून आत टाकलं.

"बरोबरी झाली तरच उघडायचा," ती म्हणाली. डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

ती किल्ली हरवली, असं कुलूपवाला दोन महिने सांगत होता.

"भाऊजी, अख्ख्या गावाची कुलपं तुम्ही उघडता," मेहुणा म्हणाला, "आणि हे बोटाएवढं कुलूप उघडेना?"

"अवघड जातीचं आहे."

"बाबा, दुसरीत असताना मी हेच कुलूप केसांच्या पिनेने उघडायचे," थोरली म्हणाली.

"तेव्हा ते नवीन होतं."

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. लिफाफ्यात तिने शेवटचं लिहिलेलं काहीतरी होतं. ते वाचलं की तिचं बोलणं संपलं. न वाचता ठेवलं, तर तिचा एक शब्द तरी यायचा बाकी राहिला.

शेवटी मेहुण्याने ठराव मांडला: डबा उघडावा. थोरली त्याच्या बाजूने. कुलूपवाला विरोधात, आणि बापाचा चेहरा बघून धाकटीही विरोधात. दोन-दोन. आणि निर्णायक मत द्यायला सभापतीच नाही.

"मग सभापतीची पोटनिवडणूक घ्या," धाकटी म्हणाली.

मेहुणा उभा राहिला, म्हणून कुलूपवालाही राहिला. त्याने काही प्रचार केला नाही, नुसता केक ठेवला. मेहुण्याने मात्र भाच्यांच्या खोल्या गुलाबी रंगवून द्यायचं आश्वासन दिलं.

"आचारसंहिता!" थोरली ओरडली.

"बरं, एकच भिंत."

मोजणी झाली. कुलूपवाला चार, मेहुणा शून्य. पठ्ठ्याने स्वतःचं मतसुद्धा स्वतःला दिलं नव्हतं. केक जप्त झाला तरी गालातल्या गालात हसत होता.

"अभिनंदन, सभापती महोदय. आता ठरावावर फेरमतदान. सभापतींना मत नाही."

विरोधात एकटी धाकटी उरली. दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर.

"मामा, तू हरायला उभा राहिलास?" धाकटीने विचारलं.

"ताईचा भाऊ आहे मी," मेहुणा म्हणाला. पण नजर केकवरून हलत नव्हती.

किल्ली कुलूपवाल्याच्या शर्टाच्या खिशातून निघाली. दोन महिने ती तिथेच होती. पिवळा दोन, हिरवा दोन. म्हणजे लिफाफा आलाच, आणि तो सभापतीने वाचायचा. चष्मा शोधण्यात त्याने पाऊण तास घालवला. चष्मा डोक्यावर होता.

मग त्याने वाचलं: "रंग कुठलाही द्या. आधी नळ दुरुस्त करा. सहा महिने सांगतेय. ठिबकून भिंत ओली झालीय, तिच्यावर कुठला रंग टिकणार आहे?"

नळ ठिबकतच होता.

"नियमाने हे मत बाद," मेहुणा हळूच म्हणाला. "चिठ्ठीवर खुणेशिवाय काही लिहायचं नाही, हे ताईनेच शिकवलंय."

आयुष्यभर लोकांची मतं बाद करणाऱ्या बाईला हे माहीत नसेल, असं थोडंच आहे. कुलूपवाल्याने लिफाफ्याची घडी घातली, नाक पुसलं.

"बाद," तो म्हणाला. "म्हणजे बरोबरी कायम. आता निर्णायक मत माझं."

"मग पिवळा की हिरवा?"

"आधी नळ."

नळाचा वायसर आणून आज आठ दिवस झाले. तो कुलूपवाल्याच्या शर्टाच्या खिशात आहे, किल्ली होती तिथे. बसवायचा राहिला आहे.