मधल्या चौकोनाबाहेरचा नऊ

डेन्झिलने कोडं रचायचं आणि ग्वेंडाने ते तपासायचं, हा रॉस्किली नवराबायकोचा जुना शिरस्ता. कोडं म्हणजे किलर सुडोकू. त्यात आयता भरलेला आकडा एकही नसतो. तुटक रेघांचे पिंजरे असतात आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आतल्या घरांची बेरीज लिहिलेली असते. तेवढ्यावर सगळी चौकट भरायची, आणि उत्तर एकच निघालं पाहिजे. दोन निघाली की रचणाऱ्याची शोभा झालीच म्हणून समजा. म्हणून फालमथच्या कोडेमंडळात दुसऱ्या कुणी सोडवून पाहिल्याशिवाय कोडं घेत नसत, आणि रचणाऱ्याच्या नावाखाली तपासणाऱ्याचंही नाव छापत. डेन्झिलच्या नावाखाली मात्र नुसतं 'घरी तपासलं' एवढंच असे. "घरच्या माणसाचं काय नाव छापायचं!" असं तो म्हणे, आणि ग्वेंडाही हसून सोडून देई. सोडून द्यायची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

त्या हिवाळ्यात तिने पहिल्यांदाच स्वतः एक कोडं रचलं. कोपऱ्यांतले मोठाले पिंजरे माणसाला भुलवत, पण खरी वाट मधल्या चौकोनातून होती. तिथल्या पिंजऱ्यांतलं एकच घर चौकोनाबाहेर डोकावत होतं. चौकोनात एक ते नऊ एकेकदाच, म्हणून त्याची बेरीज पंचेचाळीस, पिंजऱ्यांची चोपन्न, म्हणजे बाहेरच्या त्या घरात नऊ. तो नऊ एकदा बसला की पुढचं सगळं सुतासारखं सरळ होई. तिने ते डेन्झिलपुढे ठेवलं.

टोस्टला लोणी लावता लावता त्याने कागद पाहिला. "ग्वेन, याला धड सुरुवातच नाही गं. लोक डोकं आपटून घेतील. तू आपली तपासण्यातच बरी."

कागद आठवडाभर त्याच्या टेबलावर पडून राहिला, मग तिने तो शेगडीत घातला. एवढा नावाजलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार, असं तिला वाटलं. वेडी कुठली!

वसंतातल्या मेळाव्यासाठी डेन्झिलने नवं कोडं आणून दिलं. "बघ, असं आजवर जमलं नव्हतं."

ग्वेंडाने पेन्सिल घेतली. कोपऱ्यांत मोठाले पिंजरे. चौकट आडवी फिरवलेली होती, पण मधल्या चौकोनातून एक घर बाहेर डोकावत होतं. पंचेचाळीस, चोपन्न, नऊ. तिचंच कोडं. चोरी झाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त झोंबलं ते टोस्टवरचं लोणी.

तरी ती सोडवत गेली. शेवटी चार घरं उरली, दोन वर, दोन खाली, आणि त्यांत तीन आणि सात. तिच्या कोड्यात खालची दोन घरं एकाच पिंजऱ्यात होती, पण वरची दोन वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, त्यामुळे बेरीज सांगे की वरच्या पहिल्या घरात तीनच. चोरी ओळखू येऊ नये म्हणून डेन्झिलने वरचा तो पिंजरा एका घराने वाढवला होता. आता शेजारशेजारचे तीन आणि सात दोन्ही आत आले होते. चारही घरांत त्यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच. उत्तरं दोन!

"काय मग?" डेन्झिलने विचारलं.

"उत्तर एकच. झकास."

"सुरुवात सापडली?"

"लगेच. ओळखीची वाटली."

डेन्झिल कपातला चहा ढवळत बसला. साखर तो कधीच घेत नसे.

मेळाव्याला पबची मागची खोली भरली होती. पेस्टी खाऊन झाल्यावर अध्यक्ष पेट्रॉकने कोडं भिंतीवरच्या पडद्यावर लावलं आणि मोठ्याने वाचलं, "रचना, डेन्झिल रॉस्किली. तपासणी, ग्वेंडा रॉस्किली!"

टाळ्या पडल्या. ग्वेंडाने पडद्यावरचं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं.

डेन्झिल तिच्या कानाशी लागला. "आजवर चुकलंच माझं, ग्वेन. म्हटलं, या वेळी तुझं नाव हवंच."

पेट्रॉक सोडवत होता. बाहेरचा नऊ सापडताच त्याने टेबलावर थाप मारली. "अरे, काय डोकं आहे या माणसाचं!" डेन्झिलने मान लववली. मग चार घरांशी येऊन पेट्रॉक अडला. तीन-सात लिहिलं, पुसलं, सात-तीन लिहिलं.

"दोन्ही चालतंय की रे."

मागून कुणीतरी म्हणालं, "तपासणाऱ्या बाई झोपल्या होत्या वाटतं!" खसखस पिकली.

डेन्झिलचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला. "रचणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून तर तपासणारं माणूस लागतं. ग्वेन, तुला दिसलं नाही हे?"

दिसलं होतं म्हणावं, तर जाणूनबुजून नवऱ्याला तोंडघशी पाडलं असं होणार. कोडं माझं आहे म्हणावं, तर फसलेल्या कोड्यावर हक्क सांगायला आली म्हणून हसणार. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

"नाही दिसलं," ती म्हणाली.

"जाऊ दे रे, डेन्झिल," पेट्रॉक म्हणाला. "एक पिंजरा काय, उद्या दुरुस्त होईल. पण तो बाहेरचा नऊ! तो सुचायला डेन्झिल रॉस्किलीच पाहिजे."

पुन्हा टाळ्या पडल्या. शेजारची बाई बघत होती, म्हणून ग्वेंडानेही वाजवल्या.