बुरुजावरची साकू

आमच्या हेमावतीचं लगीन माझ्या एका शब्दावर अडलं होतं. भाऊ म्हणाला, "रंभाक्का, पोरगा तू बघ. तू व्हय म्हणलीस की झालं." म्हणून भाचीला घेऊन मी बार्शीहून सोलापूरला सिद्धेश्वराच्या जत्रंला आले. तितं अक्कलकोटचा शिवपुत्र आला, त्याच्या मामासंगं, चनबसप्पासंगं. पोरगा दिसायला बरा, पण त्यांच्या घरात सगळं कानडी. आमच्याकडं कानडीचं अक्षर कुणाला येत न्हाय.

हेमावतीला किल्ल्याचा बुरूज बघायचा होता. मामाचे गुडघे धरलेले, ते खाली काशम्माच्या भज्यांच्या पालात बसले. आमी वर गेलो.

आगं बया, काय ती उंची! खाली तळं, तळ्यात देऊळ, लांब गिरण्यांच्या चिमण्या. माझंच डोकं गरगरलं, पण जीभ कुटं गप बसतीय! पोराला म्हणलं, "या की कडंला! बापय हाय का बुजगावणं?" त्यो कसाबसा आला, भिंतीला मिठी मारली, डोळं मिटलं आन वरडला, "साकू! साकू!"

मी गारच पडले. जीव जायची पाळी आली तर माणूस आईचं नाव घेतंय, देवाचं घेतंय. ह्यो मुडदा साकूचं घेतोय! म्हंजे अक्कलकोटात एक ठेवलीय की! हे स्थळ मोडलं म्हणून समजा.

फणफणत खाली उतरले. काशम्मानं पानावर मिरचीची भजी घातली. पोरानं दोन खाल्ली, डोळ्यांतनं पाणी. ती आणखी वाढाय लागली तर पानावर हात आडवा धरून म्हणतोय, "साकू, साकू!"

"हितंबी साकू?" मी वरडले. "कोण हाय ती भवानी?"

काशम्मा पोट धरून हसाय लागली. "अवो बाई, कानडीत साकू म्हंजे पुरे!"

अख्खं पाल हसलं. मला तोंड लपवाय जागा उरली न्हाय. पण चनबसप्पा भडकले. "भर जत्रंत पोराची अब्रू काढली! ऊठ रे शिवपुत्रा, नको आपल्याला हे स्थळ."

पोरगा उठला. हेमावतीचं तोंड एवढंसं झालं. तवा मला कळलं, पोरीला ह्यो आवडलाय, आन मी मेलीनं सगळ्याचं वाटोळं केलं.

हेमावतीच पुढं झाली. "येवढं भ्या वाटत हुतं तर वर आलात कशाला?"

त्यानं नाक पुसलं, शब्द जुळवत म्हणाला, "तुमी वर गेला. मग मी खाली कसं बसू?"

मी सरळ चनबसप्पाचं पाय धरलं. "मामा, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पण पोरगा आमाला द्या."