फटफटीची शिंगं

एकसष्ट सालच्या पूस महिन्यातल्या थंडीनं भावसिंग राठोडचा सगळा रुबाब धुळीला मिळवला. तांड्यातला तो पहिला सरकारी नोकर. दारव्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्याची जुनी फटफटी त्याच्या ताब्यात होती, आणि तिच्यावरून गावोगाव जाऊन ढोरांना बुळकांडीची लस टोचायचं काम त्याच्याकडे होतं. बुळकांडी ज्याच्या गोठ्यात शिरली, त्याच्या दावणीला आठ दिवसांत नुसते खुंटे उरायचे. त्यामुळे काम मोठ्या मानाचं होतं. अडचण एकच होती. लसीला थंडी लागायची आणि हाताला ऊब. लस बर्फाच्या थर्मासमध्ये मजेत बसायची, आणि भावसिंगची बोटं हँडलवर लाकूड व्हायची.

बरं, उन्हं पडल्यावर जावं, तर ढोरं रानात चरायला गेलेली. म्हणजे जायचं ते पहाटेच.

बोरी अरबला पहिल्यांदा गेला तेव्हा व्हायची ती नाचक्की झालीच. आखरावर, म्हणजे गावची ढोरं सकाळी जमतात त्या जागी, सारा गाव उभा होता. भावसिंगनं थर्मासमधून बाटली काढली आणि त्याला कळायच्या आत ती बोटांतून निसटली. दगडावर पडून तिचा चुरा झाला. वीस ढोरांचे मालक किसनराव काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाटली धरता येत नाही, तो सुई काय धरीन?" ते शांतपणे म्हणाले. "माह्या बैलायले हात लावू देत नाही मी." आणि ते आपली ढोरं घेऊन निघाले. त्यांच्यामागे गाव निघाला.

यवतमाळहून दुसरी बाटली आली, पण एकच. पुढची यायला पंधरा दिवस लागणार होते, आणि नेरकडच्या दोन गावांत बुळकांडी लागल्याची खबर होती. बाटली भावसिंगच्या हाती देताना दवाखान्याचे डाक्टरसाहेब एवढंच म्हणाले, "ही फुटली तर बोरी उघडी पडली म्हणून समज."

त्यानं उपाय कमी केले नव्हते. हातांना वर्तमानपत्र गुंडाळून पाहिलं, ते नाल्यापर्यंत टिकलं. एकेक हात इंजिनावर शेकून पाहिला, तर एक भाजला आणि दुसरा गारच राहिला. शेवटी लोकरीचे पायमोजे हातात चढवले. क्लच सटकला आणि गडी फटफटीसकट पऱ्हाटीच्या वावरात जाऊन बसला. बोंडं वेचणाऱ्या बायांनी आठवडाभर ती गोष्ट पुरवून पुरवून सांगितली.

संध्याकाळी तो चुलीपुढे हात धरून बसला होता. त्याची आई बिजलीबाई बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली. मग उठून तिनं लोखंडी पेटी उघडली आणि तळातल्या चार खोळींतून दोन काढल्या. लाल, निळ्या, कवड्या टाकलेल्या, आरसे जडवलेल्या. बैलांच्या शिंगांत घालायच्या, दोन्ही बैलांची एकेक.

भावसिंगनं त्या ओळखल्या. तो नऊ वर्षांचा असताना ढवळ्या आणि बांड्या पोळ्याला त्या घालून मिरवले होते, आणि त्याच हिवाळ्यात बुळकांडीनं दोघंही एका आठवड्यात गेले. त्यानंतर कोणत्याच पोळ्याला याडीनं, म्हणजे आईनं, ती पेटी उघडली नव्हती.

"याडी, ह्या कायले काढल्या?"

"फटफटीले शिंगंच तर हायेत दोन," बिजलीबाई म्हणाली आणि सुई ओवायला लागली.

खोळी अरुंद होत्या. तिनं टोकं उसवली, जुन्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेराच्या कळ्या जोडून तोंडं रुंद केली, आत सरकीतून काढलेला कापूस भरला. हँडलवर चढवून नाड्या आवळल्या, की मूठ आत, क्लच आत, ब्रेक आत. वारा बाहेर. भावसिंग जरा संकोचला.

"लोकं हसतीन."

"हसू दे. ढवळ्या-बांड्याले नाही वाचवता आलं आपल्याले," ती म्हणाली. सुई थांबली नाही.

पहाटे फटफटी निघाली तेव्हा गवतावर दहिवर पांढरं पडलं होतं. भावसिंगचं नाक गेलं, कान गेले, गुडघे गेले. हात मात्र खोळींत असे उबेला बसले, की बोरी येईपर्यंत तो गाणं गुणगुणत होता. आखरावर गुराखी उकंडानं पहिला टोला हाणला, "डाक्टर, फटफटीचा पोळा आज हाय का?" हशा झाला. किसनराव तेवढे हसले नाहीत. ते आपल्या बैलजोडीपुढे हाताची घडी घालून उभे होते.

भावसिंग फटफटीवरून उतरला, सरळ त्यांच्यापुढे गेला आणि त्यानं आपला हात त्यांच्या हातात दिला. किसनरावांचा हात गारठलेला होता.

"गरम हाय," ते म्हणाले. मग बैलांपुढून बाजूला सरत, "घे, पहिले माहे बैल."

भावसिंगनं बाटली काढली. त्यानं तिचं झाकण उघडलं, गार पाण्यात औषध कालवलं, सुईत ओढलं, आणि थेंबही सांडला नाही. औषध एकदा कालवलं की दोन तासांत संपवायचं असतं. उकंडा ढोरं धरत गेला, भावसिंग टोचत गेला. बर्फ वितळून पाणी झालं तेव्हा आखरावर एकही ढोर राहिलं नव्हतं.

निघताना किसनराव फटफटीशी थांबले, एका कवडीवरून बोट फिरवलं.

"कोन्या बैलायच्या ह्या?"

"आमच्या. बुळकांडीत गेले."

किसनरावांनी टोपी काढली आणि दुसऱ्या खोळीची सुटलेली नाडी स्वतः घट्ट बांधून दिली.

घरी बिजलीबाई दारातच उभी होती. "किती?" तिनं विचारलं.

"एकशे बारा, याडी."

तिनं फटफटीजवळ येऊन दोन्ही खोळींवर हात ठेवला, एकेका शिंगावर ठेवावा तसा.

"एकशे चौदा म्हण," ती म्हणाली.

सरकारी वहीत भावसिंगनं एकशे बाराच लिहिले. तांड्यात मात्र ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला त्यानं छाती पुढं काढून एकशे चौदा सांगितले.