उरलेलं तांबं

दुकानाच्या पाटीवर आक्काच्या वडिलांचं नाव होतं आणि त्याखाली ‘आणि चिरंजीव’ असं रंगवलेलं होतं. चिरंजीव बाहेर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा हाणत, आणि आत लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, आक्का. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाटीवर मुलीला रंगवायची तेव्हा रीत नव्हती, आणि आक्कालाही भावाच्या शेजारी रंगून घ्यायची हौस नव्हती. भावाला ती ‘शेठ’ म्हणे. त्याला वाटे, कौतुकानं म्हणते.

त्या दिवशी शेठ घाईघाईनं आत आले. “आक्का, समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी आलेत. लिफ्टचं आर्मेचर परत घेऊन.”

आक्कानं लेथ बंद केला. समोरच्या सहा मजली इमारतीच्या लिफ्टच्या मोटारीतलं ते आर्मेचर, दोन माणसांनी उचलावं असं आत फिरणारं धूड, तिला घरच्या माणसासारखं माहीत होतं. त्याच्या एका टोकाला कम्युटेटर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्या एकीला एक खेटून गोल रचलेल्या, आणि दर दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा. त्यावर कार्बनचे ठोकळे घासत राहतात, त्यांतून वीज आत जाते आणि मोटार फिरते. घासून तांब्याला खड्डे पडले, ठिणग्या उडायला लागल्या, की लेथवर चढवून वरचा थर काढायचा. पण काढलेलं तांबं परत उगवत नाही. म्हणून वडिलांनी पट्ट्यांच्या कडेला टोच्यानं एक गोल रेघ ओढून ठेवली होती. “टूल या रेघेला टेकलं की मोटार मेली समज,” ते म्हणत.

गेल्या थंडीतच आक्कानं ते आर्मेचर केलं होतं. लेथच्या दोन्ही टोकांच्या सेंटरांमध्ये धरलं, वळलेल्या तारांत तांब्याचा कण जाऊ नये म्हणून जुन्या मऊ साडीचा पट्टा गुंडाळला, टूलला अशी धार लावली की नखावर ठेवताच रुतावी. मग इतका हलका कट घेतला की तांब्याचा कीस फुंकरीनं उडावा. खड्डे गेले तिथंच हात थांबवला. करवतीच्या पात्याच्या घासलेल्या तुकड्यानं प्रत्येक फटीतलं अभ्रक तांब्याच्या खाली घेतलं, पट्ट्यांच्या धारदार कडा मोडल्या, बारीक काचकागद फिरवला. रेघेच्या वर तांबं उरलं ते केसभर. हे तिनं फक्त बगळीला सांगितलं होतं.

बगळी सहाव्या मजल्यावर राहायची. मान लांब म्हणून शाळेपासून बगळी, आणि आक्का काळ्या तेलात हात घालते म्हणून बगळीच्या तोंडी ती घूस. दोघी परकर नेसत होत्या तेव्हा ही लिफ्ट नवी होती. पितळी मुठीचा दरवाजा होता, आत स्टुलावर लिफ्टमन बसायचा आणि “शाळेच्या मुलींनो, एकच फेरी हं!” म्हणत चार फेऱ्या मारून आणायचा. आता बगळीचे गुडघे गेले होते. लिफ्ट बंद पडली तर पुतण्या तिला आपल्या घरी नेणार होता, जिन्याखालच्या खोलीत, जिथं त्यानं जुने पंखे ठेवले होते.

आणि लिफ्ट बंद व्हावी ही सेक्रेटरींची जुनी इच्छा. ते पहिल्या मजल्यावर राहायचे.

आक्का पडद्याआडून बघत उभी राहिली. सेक्रेटरी खुर्चीत असे बसले होते की खुर्चीवर उपकार चाललेत. आर्मेचर बाकावर होतं आणि कम्युटेटर छान तपकिरी पडला होता, कडक चहासारखा, गुळगुळीत. कार्बनची ही साय धरली की तांब्याची झीज थांबते. वडील तिला मोटारीची कातडी म्हणत. आक्काला ते पाहून भरून आलं.

“शेठ, हे बघा काय केलंय तुम्ही,” सेक्रेटरी म्हणाले. “काळं ठिक्कर! माणूस ग्रीस द्यायला आला, झाकण उघडलं, मी स्वतः डोकावलो. लाज वाटली हो.”

“ठिणग्या उडतात का?” आक्कानं बाहेर येऊन विचारलं.

“ठिणग्यांचं मला सांगू नका बाई. आमच्या घरी पितळेची भांडी आहेत, मला कळतं. तांबं म्हणजे कसं, तोंड दिसलं पाहिजे.”

आक्कानं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मोटारीच्या तांब्यात मुद्दाम बघावं असं त्यात काही नव्हतं.

“पुन्हा कातून द्या. आणि यातच दम उरला नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मी सभेत ठराव मांडतो, मोटार भंगारात, लिफ्ट बंद. जिने चढणं प्रकृतीला उत्तम.”

“छे छे, दम नाही कसा!” शेठ हसले. “अर्ध्या तासाचं काम. चहा घ्या तोवर.”

आत येऊन ते कुजबुजले, “घे एक हलका कट.”

“शेठ, ही रेघ दिसते?”

“कुठली रेघ?”

“वडिलांनी मारलेली.”

शेठनी चष्मा वर केला, खाली केला. “अगं, असेल काहीतरी ओरखडा. गिऱ्हाईक म्हणतंय ना? मग कर.”

साठ वर्षं या दुकानाचं अन्न खाल्लं आणि रेघ म्हणजे ओरखडा. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण इथं वासरंही गल्ल्यावर आणि गायही गल्ल्यावर. आक्काला राग आला नाही. राग माणसावर येतो.

“शेठ, तुम्ही बाहेर बसा,” ती म्हणाली. “कीस डोळ्यात उडेल. सेक्रेटरींनाही आत पाठवू नका, तब्येतीनं नाजूक दिसतात.”

पडदा ओढून तिनं आर्मेचर तसंच बाकावर राहू दिलं, त्यावर स्वच्छ कागद गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधला. मग कपाटाखालून तांब्याच्या सळईचा एक जुना तुकडा काढला, लेथच्या चकमध्ये पकडला आणि लेथ सुरू केला. तांबं कापतानाचा तो ओला, गोड आवाज दुकानभर पसरला. तिनं चांगला जाडजूड कट घेतला, मन लावून. सोनेरी-तांबूस वेटोळी खाली पडत राहिली. बाहेर सेक्रेटरी शेठना सांगत होते, “ऐका, आवाजावरूनच कळतं. मागच्या वेळी असा आवाज केला नसणार!”

“नाही ना,” शेठ म्हणाले.

आक्कानं कीस कागदाच्या पुडीत भरून बाहेर आणला आणि सेक्रेटरींच्या हातात दिला.

“एवढं निघालं?” सेक्रेटरींचे डोळे विस्फारले.

“तुमची नजर म्हणून निघालं. आणि कागद मोटारीत बसवतानाच मी स्वतः काढीन. उघड्यावर घाम लागला की डाग पडतात. नंतर झाकण उघडू नका, हवा लागते.”

“तेच सांगणार होतो मी!” सेक्रेटरी उठले. “बाई, तुम्ही शिकत गेलात तर हळूहळू जमेल तुम्हाला.”

“तुमच्यासारखे शिकवणारे हवेत,” आक्का म्हणाली.

संध्याकाळी आर्मेचर मोटारीत बसवून, कागद काढून, झाकण लावून ती बगळीकडे निघाली तर लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते. सोबत भाजीची पिशवी घेतलेली बगळी. पहिल्या मजल्यावर उतरायचं सोडून ते त्यांच्याबरोबर वर निघाले आणि काचेच्या बरणीतला कीस दाखवायला लागले. बरणी ते सभेत ठेवणार होते.

“एवढी घाण होती आत! मी नसतो तर?”

“बाई गं,” बगळी म्हणाली, आणि आक्काचा दंड पिशवीआडून असा चिमटला की डोळ्यांत पाणी आलं.

सहाव्या मजल्यावर दोघी उतरल्या. सेक्रेटरी बरणी छातीशी धरून खाली गेले. दार लागल्यावर बगळी भिंतीला टेकून हसली, मग हसू ओसरलं.

“घुशे, खरं सांग. आता किती उरलंय?”

“तेवढंच. केसभर.”

“मग?”

“कातडी धरलीय चांगली. कुणी चकाकवलं नाही तर आपल्या दोघींना पुरेल.”

बगळीनं पिशवी आक्काच्या हातात दिली आणि कुलूप उघडायला वाकली. खालून सेक्रेटरींचा आवाज येत होता. ते कुणाला तरी तांब्याबद्दल समजावून सांगत होते.